पसंतीचा क्रम

ब्राउझरला जोडलेले एक एक्स्टेन्शन तपासताना त्याने वाचलेली माझ्या पसंतीच्या भाषांची यादी समोर आली. आधी इंग्रजी, मग हिंदी; मराठीचा पत्ताच नव्हता. हीच पसंती ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत संकेतस्थळाला कळवत असतो. म्हणजे वर्गात मराठी शिकवणारा मी रोज शेकडो वेळा इंग्रजी मागत होतो, आणि मला त्याची जाणीवही नव्हती.

चौसाळ्याच्या आमच्या घरी पणजोबांच्या काळातले जमिनीचे कागद आहेत, उर्दूतले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यकारभाराची ती भाषा होती. ज्याची जमीन, त्याला ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. त्याच्या पसंतीला कोठे जागाच नव्हती. मला मात्र जागा होती. मी ती रिकामी ठेवली, आणि यंत्राने तिथे इंग्रजी भरली.

आता मराठी पहिली लावली आहे. तरी बहुतेक संकेतस्थळे इंग्रजीतच उत्तर देतात, कारण हा क्रम म्हणजे केवळ विनंती. तिला बंधन नाही. पण आपण मराठी मागितलीच नाही, तर ती कोणी का म्हणून द्यावी?