दोन सेकंदांचा उजेड

प्रतिपिंड आपला प्रतिजन अचूक ओळखतो, पण ओळख पटली हे बाहेर कळायला काही साधन लागते. रक्तातले संप्रेरक, विषाणूचे प्रथिन किंवा हृदयाच्या स्नायूतून झिरपलेले ट्रोपोनिन मोजायचे असेल, तर प्रतिपिंडाला एखादी खूण चिकटवावी लागते. ही खूण म्हणजे लेबल. रासायनिक अभिक्रियेतून थेट प्रकाश देणाऱ्या लेबलला केमिल्युमिनेसंट लेबल म्हणतात. त्यावर बेतलेल्या चाचण्यांना प्रयोगशाळांतून ‘क्लिया’ हे सुटसुटीत नाव पडले आहे. थायरॉइडचा रिपोर्ट हातात घेणाऱ्या माणसाने हे नाव कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात पाहिलेले असते.

या लेबलांच्या आधी किरणोत्सर्गी आयोडीन होते. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस रक्तातले इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली आणि रेडिओइम्युनोअॅसेचा पाया घातला. यालो यांना 1977 साली नोबेल मिळाले. बर्सन 1972मध्येच वारले होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी थायरॉइडच्या तपासण्या याच पद्धतीने होत. पद्धत भरवशाची होती, तरी तिची एक मर्यादा आकड्यांतच दिसते. आयोडीन-125चे अर्धायुष्य सुमारे 60 दिवस. म्हणजे सव्वा लाख अणू नळीत असले, तर एका मिनिटात त्यांतला सरासरी एकच फुटतो आणि तेवढाच मोजला जातो. बाकीचे अणू नळीत असतात, पण मोजणीच्या वेळी गप्प असतात. रासायनिक लेबलचे तसे नाही. चेतवणारे द्रावण पडले की त्याचे जवळपास सगळे रेणू दोन-चार सेकंदांत अभिक्रिया करून मोकळे होतात. प्रत्येक रेणू प्रकाशकण देत नाही, शंभरातले काही मोजकेच देतात. तरीही मोजण्याजोग्या घटना कितीतरी पटींनी जास्त मिळतात. शिवाय शिशाची भांडी, किरणोत्सर्गी कचरा आणि दोन महिन्यांत निम्मा होणारा साठा यांतून सुटका होते.

जुना परिचित रेणू ल्युमिनॉल. त्याचा निळा प्रकाश अल्ब्रेख्ट यांनी 1928मध्ये वर्णन केला. पेरॉक्साइड आणि योग्य उत्प्रेरक मिळाला की तो सुमारे 425 नॅनोमीटरला उजळतो. प्रथिनाला जोडल्यावर मात्र त्याची चमक बरीच उतरते, म्हणून लेबल म्हणून आयसोल्युमिनॉलची रूपे पुढे आली. दुसरा मार्ग असा, की प्रतिपिंडाला एन्झाइम जोडायचे आणि ल्युमिनॉल बाहेरून द्यायचे. हॉर्सरॅडिश हे मोहरीच्या कुळातले तिखट मूळ. त्यातले पेरॉक्सिडेज त्यासाठी वापरतात. या एन्झाइमच्या अंगावरच्या शर्करा पेरायोडेटने उघडून त्या प्रतिपिंडाशी बांधता येतात. 1983मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवले, की या मिश्रणात योग्य वर्धक घातला तर प्रकाश अनेक पटींनी वाढतो आणि बराच वेळ टिकतो. आयोडोफिनॉलसारखे साधे फिनॉलही हे काम करते. आज वेस्टर्न ब्लॉट करणारा विद्यार्थी दोन बाटल्यांतले द्रावण निम्मे-निम्मे मिसळतो, त्यामागे हा शोध आहे. अल्कलाइन फॉस्फटेजसाठी अॅडमँटेन जोडलेले डायऑक्सिटेन आहे. एन्झाइमने त्याचा फॉस्फेट तोडला की रेणू अस्थिर होतो आणि मंद, दीर्घ प्रकाश देत राहतो. रुथेनियमचे लेबल विजेच्या अग्रावर नारिंगी-लाल उजळते. तेही मोठ्या यंत्रांतून भरपूर वापरात आहे.

या सगळ्यांत अॅक्रिडिनियम एस्टरची रचना सर्वांत देखणी म्हणावी लागते. इंग्लंडमध्ये ससेक्सला फ्रँक मॅककाप्रा यांनी या कुळाच्या प्रकाशाचे रसायन उलगडले आणि 1983मध्ये कार्डिफच्या गटाने, मॅककाप्रा यांच्यासह, त्याचे लेबल करून दाखवले. तीन कड्यांचा पिवळा रेणू, मधल्या कड्यावर एक एस्टर आणि एस्टरच्या पलीकडे फिनॉलचे टोक, अशी ही मांडणी आहे. प्रतिपिंड या टोकाला बांधतात. अल्कलीत पेरॉक्साइड आले की ते मधल्या कड्यावर चढते, एस्टरवर वळते आणि क्षणभर ताणलेले चौकोनी कडे तयार होते. ते फुटताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उत्तेजित मेथिल-अॅक्रिडोन मागे उरते. तेच सुमारे 430 नॅनोमीटरला निळसर प्रकाश टाकते. खरी खुबी अशी, की प्रकाश पडण्याआधीच फिनॉलचे टोक प्रतिपिंडासकट तुटलेले असते. उजळणारा तुकडा मोकळा असल्याने शेजारचे अवजड प्रथिन त्याचा प्रकाश दाबत नाही. ल्युमिनॉलला प्रथिनाशी बांधून घेतल्यावर जी किंमत मोजावी लागते, ती इथे लागत नाही.

साध्या अॅक्रिडिनियम एस्टरला पाणी हळूहळू तोडते. फिनॉलच्या कड्यावर एस्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक मेथिल गट बसवला, की पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही आणि लेबल टिकते. डायमेथिल रूप याचसाठी आले. अल्कलीकडे झुकलेल्या पाण्यात हा रेणू प्रकाश न देणाऱ्या रूपातही सरकतो. म्हणून यंत्रात दोन द्रावणे ओळीने पडतात: आधी नायट्रिक आम्लातले पेरॉक्साइड, मग पृष्ठक्रियाशील पदार्थ घातलेले सोडियम हायड्रॉक्साइड. पहिले द्रावण सगळे रेणू मूळ रूपात परत आणते, दुसरे त्यांना पेटवते. शिखर अर्ध्या सेकंदाच्या आत येते.

आता जोडणीचे काम. लेबलच्या फिनॉलच्या टोकाला एनएचएस एस्टर असतो आणि तो प्रतिपिंडावरच्या लायसिनच्या अमाइनला धरतो. एका आयजीजी प्रतिपिंडावर असे सुमारे ऐंशी लायसिन असतात. लेबल कोरड्या डीएमएफमध्ये विरघळवतात, बायकार्बोनेटने पीएच साडेआठच्या आसपास आणलेल्या प्रतिपिंडात दहापट रेणूंच्या हिशोबाने घालतात, अर्धा तास अंधारात ठेवतात आणि शेवटी लायसिन घालून थांबवतात. मग सेफाडेक्सच्या कॉलममधून सैल लेबल वेगळे करतात. कृती कागदावर चार ओळींची आहे. तिला बिघडवणाऱ्या गोष्टी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली पाणी. लेबलची कुपी उणे वीसमधून काढून लगेच उघडली, तर हवेतली वाफ आत गोठते आणि एनएचएस एस्टर वापरण्याआधीच मरतो. प्रस्तुत लेखिकेने हे काम पुण्यात केले. तिथे जुलैत बाकावरचे कागदही ओलसर लागतात आणि डेसिकेटरमधले निळे सिलिका जेल बघता बघता गुलाबी होते. कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवायची, हा नियम पावसाळ्यात घड्याळ लावून पाळावा लागतो.

दुसरी बिघडवणारी गोष्ट बफर. ट्रिस, ग्लायसिन आणि अमोनियम क्षार यांच्याकडेही लेबल ओढून घेणारे गट असतात. प्रस्तुत लेखिकेची पहिली स्वतंत्र बॅच याच ठिकाणी गेली. थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाविरुद्धचा प्रतिपिंड प्रोटीन-एच्या कॉलमवर शुद्ध केला होता. तो आम्लधर्मी ग्लायसिनने उतरवला आणि ट्रिसने उदासीन केला. हे सगळे रीतसर झाले. पुढे डायलिसिसला रात्र लागली असती, म्हणून नमुना सेंट्रिफ्यूजच्या गाळणीत घालून फिरवला आणि आटवला. मोठा प्रतिपिंड वर राहिला, लहान रेणू खाली गेले, आता बफर स्वच्छ झाला, असा समज करून त्यात थेट लेबल घातले.

कॉलममधून अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे अंश निघाले. पिवळी रेघ नीट खाली सरकत होती आणि डोळ्यांना सगळे उत्तम वाटत होते. प्रत्येक अंश विरळ करून दहा मायक्रोलिटर ल्युमिनोमीटरमध्ये घातला. 280 नॅनोमीटरला प्रथिनाचा उंचवटा पाचव्या-सहाव्या अंशात होता, पण तिथे प्रकाश कोऱ्या बफरपेक्षा जेमतेम वर गेला. लहान रेणूंच्या अंशांत मात्र यंत्र मोजता मोजता कमाल मर्यादेला टेकले. लेबल जिवंत होते, प्रतिपिंडही शाबूत होता, दोघांची गाठ तेवढी पडली नव्हती. वरिष्ठ सहकारी बाईंनी वही उघडून विचारले, “गाळणीत किती वेळा बफर बदललास?”

“एकदाच फिरवलं, मॅडम. बदलला नाही.”

“मग ग्लायसिन तेवढंच राहिलं. लेबल त्यानंच खाल्लं.”

हिशोब तेव्हाच वहीत मांडला गेला. गाळणीतून पाणी जाते तसे ग्लायसिनही जाते, पण वर उरलेल्या द्रावात त्याची संहती पहिल्याइतकीच असते. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम प्रतिपिंड म्हणजे सुमारे 6.7 मायक्रोमोल प्रति लिटर. ग्लायसिन 0.1 मोल प्रति लिटर. एका प्रतिपिंडामागे ग्लायसिनचे पंधरा हजार रेणू, आणि लेबलचे अवघे दहा. त्या दहांना प्रतिपिंड सापडणार कसा? दोन आठवड्यांचा प्रतिपिंड वाया गेला, याची हळहळ बरेच दिवस टिकली. दुसऱ्या वेळी फॉस्फेट बफरमध्ये, कोल्ड रूममध्ये, तीन बदल करून दोन रात्री डायलिसिस केले. ट्यूबची गाठ सुटत नाही ना, हे दर बदलाला बोटांनी दाबून पाहिले. प्रकाश प्रथिनाच्या अंशांत आला.

प्रकाश आला म्हणजे काम झाले असे नाही. एका प्रतिपिंडावर किती लेबले बसली, हे 369 नॅनोमीटरचे शोषण आणि प्रथिनाचे प्रमाण यांवरून काढतात. फार कमी बसली तर संवेदनशीलता जाते. फार बसली तर आणखी वाईट: प्रतिजन धरण्याच्या जागेवरचे लायसिन झाकले जाते, रेणू पाण्याला नाखूश होतो आणि प्लास्टिकच्या भिंतींना, चाचणीतल्या चुंबकी मण्यांना उगाच चिकटतो. मग शून्य टीएसएचच्या नमुन्यातही प्रकाश येतो. जास्त उजेडाचा मोह नव्या माणसाला हमखास पडतो. तो आवरला पाहिजे, कारण चाचणीची ताकद कोऱ्या नमुन्याच्या अंधारावर ठरते. रेडिओइम्युनोअॅसेच्या काळात टीएसएचची खालची विश्वसनीय मर्यादा लिटरला एक-दोन मिली-एककांच्या आसपास होती, त्यामुळे थायरॉइड जास्त चालणारा रुग्ण आणि निरोगी माणूस यांत फरक करता येत नसे. केमिल्युमिनेसंट लेबलांनी ती मर्यादा 0.01–0.02पर्यंत खाली नेली. शंभर पटींचा हा फरक डॉक्टरच्या टेबलावर औषधाच्या मात्रेत उतरतो.

एन्झाइम लेबलांची पथ्ये वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळून चालत नाहीत. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते सोडियम अझाइड पेरॉक्सिडेजला मारते. अल्कलाइन फॉस्फटेजला ते चालते, पण त्याला फॉस्फेट बफर सोसत नाही आणि ईडीटीएही नाही, कारण ईडीटीएने जस्त व मॅग्नेशियम काढून घेतले की एन्झाइम लुळे पडते. शिवाय फॉस्फटेज आपल्या त्वचेवर आणि जंतूंतही असते. हातमोज्यांशिवाय हाताळलेली पिपेटची एक टिपसुद्धा कोऱ्या नमुन्यात प्रकाश आणू शकते.

लेबल निर्दोष असूनही आकडा चुकू शकतो. बऱ्याच चाचण्यांत प्रतिपिंड मण्यावर पकडण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टअॅव्हिडिनची जोडी वापरतात. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन पाच-दहा मिलिग्रॅम असते. रोजची गरज मात्र मायक्रोग्रॅमांतली. हे मोकळे बायोटिन मण्यावरच्या जागा अडवते. प्रतिजन दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणाऱ्या सँडविच पद्धतीत आकडा खोटा कमी येतो, नमुन्यातला आणि लेबल लावलेला रेणू एकाच जागेसाठी झगडतात त्या स्पर्धात्मक पद्धतीत खोटा जास्त. टीएसएच कमी आणि टी4 जास्त असे दोन्ही एकदम आले, तर निरोगी बाईचा रिपोर्ट थेट ग्रेव्हज रोगासारखा दिसतो. ट्रोपोनिनच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2017मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात चुकीच्या कमी ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. रक्त घेणाऱ्याने खुर्चीवर बसलेल्या माणसाला केसांच्या गोळ्यांविषयी विचारणे, हे म्हणून या चाचणीचाच भाग आहे. प्रतिजन अफाट असेल तर हूक परिणाम होतो: पकडणारे आणि लेबल लावलेले प्रतिपिंड वेगवेगळे भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि पिट्युटरीच्या मोठ्या गाठीतून येणारे प्रोलॅक्टिन मामुली दिसते. नमुना विरळ करून पुन्हा लावला की खरा आकडा वर येतो.

लेबल लावलेला तयार प्रतिपिंड, म्हणजे कॉन्जुगेट, पीएच सहाच्या आसपास, अल्ब्युमिन घातलेल्या बफरमध्ये, गडद कुप्यांत शंभर-शंभर मायक्रोलिटर भरून उणे सत्तरला ठेवतात. एकदा वितळलेली कुपी परत गोठवत नाहीत. नवा लॉट जुन्याशेजारी लावून, कमी, मध्यम आणि जास्त अशा रुग्णांच्या नमुन्यांवर पडताळल्याशिवाय कामाला घेत नाहीत. नुसत्या कंट्रोलवर भागत नाही, कारण कंट्रोलचे द्रव खऱ्या सीरमसारखे वागतीलच असे नसते. डायलिसिस केलेल्या त्या दुसऱ्या बॅचच्या चोवीस कुप्या भरल्या गेल्या. प्रत्येकीवर तारीख, लॉट आणि लेबलचे प्रमाण पेन्सिलीने लिहिले, कारण शाई थंडीत आणि अल्कोहोलने पुसली जाते.