अळूच्या गोतातली झाडं

ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटला बाल्कनी नाही. खिडक्यांना ग्रिल आहे, पण तिथे कुंडी ठेवली की खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळतं. म्हणून मी झाडं मातीऐवजी पाण्यात, काचेच्या बरण्यांत लावायला घेतली. आता ओट्याच्या कडेला, पुस्तकांच्या फळीवर, बेसिनपाशी, जागा मिळेल तिथे बरणी आहे आणि त्यातली काही झाडं कित्येक वर्षं त्याच बरणीत नांदताहेत.

फांदीला पाण्यात मुळं फुटणं ही मोठी गोष्ट नाही. पुदिना, गवती चहा, कोलियस यांना पेल्यातसुद्धा पटकन मुळं येतात, पण तिथे ती फार दिवस रमत नाहीत. रताळं अर्धं पाण्यात बुडवून ठेवलं तर देखणा वेल येतो, मात्र काही महिन्यांत रताळंच कुजतं. खरा कस टिकण्यात आहे. माझ्याकडे जी टिकली ती जवळजवळ सगळी एकाच कुळातली निघाली: मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनिमा, पीस लिली. ही सारी अळूची भावंडं.

कोकणात आमच्या आजोळी न्हाणीघराचं पाणी जिथे वाहत जायचं तिथे अळू माजलेलं असायचं. पाय सतत ओल्यात, तरी पानं हातभर. त्या गोताला पाण्याची भीती नाही. अळूची खाजही या भावंडांत आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे तेच टोकदार स्फटिक मनीप्लांटच्या पानातही असतात, त्यामुळे रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात बरणी उंचावरच हवी.

मनीप्लांटची फांदी कापताना पेर सोडून चालत नाही. पेरापाशी एक तपकिरी खुंट असतो, त्याच्या जरा खाली कात्री लावायची. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर. पाण्यात पान राहिलं की ते सडतं आणि सगळं पाणी नासतं. काही दिवसांनी त्या खुंटाची साल टोकाला उकलते आणि आतून पांढरंशुभ्र टोक डोकावतं. मग ते लांबतं, त्याला बाजूने बारीक मुळं फुटतात, आणि एके दिवशी बरणीच्या तळाशी शेवयांसारखा गुंता झालेला असतो. मातीतल्या झाडाचं हे अर्धं आयुष्य आपल्याला कधी दिसतच नाही. मला पानांपेक्षा मुळं बघायलाच जास्त आवडतं.

मुळांना श्वास लागतो, हे इथे समजतं. हवेत प्राणवायू 21 टक्के, आणि 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला जेमतेम 8 मिलिग्रॅम. पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, मुळांचा वरचा भाग उघडा राहू द्यायचा. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीतल्या बरण्या मी आत घेते आणि पाणी लवकर लवकर बदलते. निरोगी मूळ पांढरं आणि घट्ट असतं. तपकिरी झालं, बोटाला बुळबुळीत लागलं आणि वास आला, तर तेवढं कापून टाकायचं. काचेवर हिरवं शेवाळ धरत असेल तर तपकिरी बाटली घ्यावी किंवा बरणीला बाहेरून कापड गुंडाळावं. उजेड पानांना हवा, पाण्याला नको.

नुसत्या नितळ पाण्यावर मात्र झाड फार काळ निभत नाही. जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला होता, आणि ते प्रयोग 1699 मध्ये प्रसिद्ध केले. पावसाच्या पाण्यापेक्षा बागेतली माती कालवलेल्या पाण्यात पुदिना जास्त वाढला. आजोळचं अळू सांडपाण्यावर का माजायचं, ते यावरून उमगतं. पाण्यात कोणते क्षार लागतात हे पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी शोधून काढलं. मी पाण्यात विरघळणारं 19:19:19 खत लिटरला अगदी चिमटीपेक्षाही कमी, महिन्यातून एकदा देते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरते. बोअरचं पाणी टाळते, कारण त्याने काचेवर पांढरे थर बसतात.

पावसाळ्यात पालिकेची माणसं टॉर्च घेऊन घरोघरी येतात. एकदा आलेल्या बाईंनी माझी एकेक बरणी उचलून उजेडात धरली. म्हणाल्या, "ताई, पाणी बदलता ते बरंय, पण आतून कडा घासता ना? अंडी तिथं चिकटलेली असतात." डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि पाणी लागलं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. 2001 मध्ये चीनमधून कॅलिफोर्नियात गेलेल्या लकी बांबूच्या मालाबरोबर एडिसचीच एक जात तिथे पोचली होती. त्या बाई येऊन गेल्यापासून माझ्या ओट्याखाली बाटल्या घासायचा वेगळा ब्रश आहे. आठवड्यातून एकदा झाड बाहेर, मुळं वाहत्या पाण्याखाली, बरणी आतून खसखसून घासलेली. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी पाण्यातली झाडं ठेवूच नयेत, असं मी स्पष्ट सांगते. घरातल्या शोभेपायी शेजारचं मूल तापाने फणफणता कामा नये.

गणपतीला आम्ही गावी जातो तेव्हा घर नेमकं डास व्हायला पुरतील तेवढेच, आठ-दहा दिवस बंद असतं, आणि तेही ऐन डासांच्या मोसमात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या बरण्या समोरच्या काकूंकडे जातात. ब्रशही सोबत देते. काकू माझ्यापेक्षा काटेकोर, त्यांचा पाणी बदलायचा वार ठरलेला. गेल्या खेपेला पीस लिली त्यांच्या खिडकीत अशी काही खुलली, दोन पांढरी फुलं आली, की मी ती परत मागितलीच नाही. त्यांनी त्या बदल्यात सिंगोनियमचा गुलाबी पानांचा एक वेल दिला. सध्या तो बेसिनपाशी आहे आणि दुसऱ्या पेराला मूळ धरतोय.