भिंतीतला एल्बो

बख्शी का तालाब, ७ जानेवारी २०२५

सकाळी दहापर्यंत धुकं हललं नाही. सीतापूर रोडवरच्या ट्रकांचे नुसते भोंगे ऐकू येत होते. जिन्याखालच्या कोठीतले गव्हाचे डबे हलवताना हिला भिंतीवर ओल दिसली. पलीकडे न्हाणीघर आहे. ओलीवर हात ठेवला तर कोमट लागली, म्हणजे गीझरची लाइन. थंड पाण्याची असती तर या दिवसांत बोटं गारठली असती.

संध्याकाळी मिस्त्री आला. भिंतीवर बोटाने वाजवत गेला आणि एका जागी थांबला. "बाबूजी, एल्बो दीवार में है। टाइल तो तोड़नी पड़ेगी।" जागा त्याने बरोबर ओळखली. बाराला तो कुटुंबाला घेऊन प्रयागला निघतोय, महाकुंभात संक्रांतीचं स्नान करून वीसच्या आसपास परत येईल. तोवर मुख्य कॉक बंद ठेवा आणि चुलीवर पाणी तापवा, म्हणाला.

त्या टाइल्स निवृत्तीनंतर घर बांधताना घेतलेल्या. तो रंग आता बाजारात मिळत नाही. एका एल्बोपायी निम्मी भिंत बेढब करायला माझं मन घेत नाही.

९ जानेवारी

टाइलच्या बाजूने न फोडता कोठीच्या बाजूने प्लास्टर उकरलं. ही बाजू साधी, चुन्याचा हात मारलेली. पुन्हा लिंपता येते. वीतभर उकरल्यावर एल्बोची पाठ दिसली. सीपीव्हीसीचा पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो आहे: खालून पाऊण इंची पाइप चिकटवलेला, पुढच्या तोंडाला पितळी आटे आणि त्यांत नळ. पुढचं तोंड टाइलच्या सिमेंटमध्ये घट्ट बसलंय. पाणी खालच्या सॉकेटच्या ओठाशी एका बाजूने पाझरतंय.

एल्बोला तडा नाही, आटे शाबूत आहेत, पितळ हललेलं नाही. दोष आहे तो आत बसलेल्या पाइपच्या दीड बोट तुकड्यात, आणि तो बसवला गेला त्या अर्ध्या मिनिटात. तेवढा तुकडा सॉकेटमधून काढता आला तर टाइलला हात लावायची गरज नाही.

अडचण अशी की ज्याला सगळे सोल्यूशन म्हणतात ते डिंकासारखं दोन वस्तूंच्या मध्ये बसत नाही. त्यातली द्रावकं पाइपचा बाहेरचा आणि सॉकेटचा आतला थर मऊ करतात, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकच प्लास्टिक उरतं. जीआय पाइपचे आटे सुतळी आणि सफेदा काढून पान्ह्याने उलटे फिरवता येत. इथे उलटं फिरवायला काही नाही. मग जे एक झालंय ते पुन्हा दोन करायचं, म्हणजे पाइपचा भाग कोरून काढायचा आणि सॉकेटचा भाग ठेवायचा.

११ जानेवारी

लाटूश रोडला जाऊन आलो. सॉकेटमधला पाइप कोरणारं एक हत्यार असतं. ते ड्रिलला लावतात. पुढे पाइपच्या पोकळीत बसणारा दांडा आणि मागे पाइपच्या जाडीएवढंच कापणारी पाती. दांड्यामुळे पातं सरळ राहतं. चार-सहा दुकानांत विचारलं, कुणाकडे नव्हतं. एका वयस्क दुकानदाराने मात्र मी काय मागतोय ते नीट ऐकून घेतलं आणि स्वतःहून सांगितलं, की कुठे मिळालंच तर माप बघून घ्या, आपल्याकडे एकाच नावाची दोन मापं चालतात.

त्याचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि प्लास्टिकच्या पाइपांत निम्मा घोळ याच गोष्टीचा असतो. सीपीव्हीसी जुन्या तांब्याच्या नळ्यांच्या मापाने बनतं, त्यामुळे पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर भरतो. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या घरगुती पाइपचं माप लोखंडी पाइपांवरून आलं. तिथे पाऊण इंच म्हणजे २६.७. शेतातल्या पाइपला इंच ठाऊकच नाहीत. तिथे ६३, ७५, ९० ही बाहेरच्या व्यासाची मापं मिलिमीटरमध्येच चालतात. जुन्या फिटिंगची पिशवी उपडी करून 'हा पाऊणचा दिसतोय' म्हणणाऱ्याने आधी कॅलिपर लावावा.

एक एल्बो, दोन कपलर, एक युनियन, सीपीव्हीसीचं सोल्यूशन आणि तीन फूट पाइप घेऊन आलो. एल्बो भिंतीसाठी नव्हे, सरावासाठी.

१२ जानेवारी

गच्चीवर दिवसभर तेच. सरावाचे जोड आधीच चिकटवून ठेवले असते तर बरं झालं असतं, पण कोपऱ्यात बांधकामातले जुने कापलेले जोड पडून होते, ते कामी आले.

आधी उष्णतेची रीत पाहिली. पाइपच्या पोकळीत हीट गनची गरम हवा सोडायची, पाइप मऊ झाला की पक्कडीने कड आत दुमडून साल ओढायची. साध्या पीव्हीसीवर हे झकास होतं, कारण ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पाइप आतून तापतो, सॉकेटपर्यंत धग पोहोचायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळेत काम उरकायचं. सीपीव्हीसीत क्लोरिन जास्त, म्हणून ते गरम पाण्याला टिकतं, ९३ अंशांपर्यंत चालतं. मऊ करायला शंभरीच्या बरंच वर जावं लागतं. आणि हीट गनचा झोत कित्येक शे अंशांचा. जरा रेंगाळलं की प्लास्टिक तपकिरी होतं आणि नाकाला झोंबणारा वास येतो. तो हायड्रोजन क्लोराइड वायू. उघड्या गच्चीवर वारा होता म्हणून ठीक, कोठीत हे मुळीच करायचं नाही. काही कारागीर शेगडीवर किंवा जळत्या कागदावर फिटिंग धरतात. तसं कुणी करू नये.

शिवाय आपल्या एल्बोत पितळ आहे. धातू उष्णता धरून ठेवतो, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक सैल पडतं. मग सॉकेट वाचलं तरी आट्यांच्या मुळाशी गळती सुरू होईल. तेव्हा भिंतीत उष्णता नको, फक्त पातं.

रात्री पुतण्याला जळगावला फोन केला. त्यांच्या केळीच्या बागेत पाइपलाइन आहे. त्याचे वडील पाइपचं टोक जाळावर फिरवून मऊ करायचे, दुसऱ्या पाइपवर चढवून गार होऊ द्यायचे. कपलरचा खर्च वाचे. जळगावात पीव्हीसी पाइपचा एवढा मोठा कारखाना उभा असूनही शेतकरी फिटिंग वाचवतोच. मात्र असा ताणलेला भाग पातळ होतो आणि मोटर एकदम सुरू झाली की तिथेच फाटतो, हेही पुतण्याने सांगितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

इथल्या लोकांची आज 'खिचड़ी'. शेजारच्या भाभींनी उडदाच्या डाळीची खिचडी, तूप आणि मुळ्याचं लोणचं पाठवलं. हिने तिळगूळ दिला. अकराच्या सुमारास ऊन पडलं आणि मी कोठीत उतरलो.

टाकीखालचा कॉक बंद, गीझरचं बटण बंद, खालचा नळ उघडून लाइन रिकामी केली. एल्बोच्या खाली फूटभर पाइप कापून काढला, म्हणजे खालून वर हात घालायला जागा झाली. सॉकेटच्या ओठाशी पाइप सपाट कापला. आता आत दिसत होतं ते पाइपचं कडं आणि त्याला घट्ट वेढलेलं सॉकेट, दोन्ही एकाच रंगाची.

नुसतं हॅकसॉचं पातं घेतलं, मागच्या टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली. दाते ओढताना कापतील असे खाली ठेवले. ढकलताना कापलं तर हात निसटून सॉकेटच्या तळाला घाव बसतो. पातं साधारण साडेबारा मिलिमीटर रुंद असतं. पाऊण इंची पाइपची पोकळी अठराच्या आसपास, त्यामुळे ते आरामात फिरलं. अर्धा इंची लाइन असती तर पातं आत शिरलंच नसतं, आधी ग्राइंडरवर घासून अरुंद करावं लागलं असतं.

पाइपच्या लांबीला समांतर अशी चीर पाडत जायचं. पाइपची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. ती संपली हे कळायला हवं, कारण पुढचा प्रत्येक घाव सॉकेटवर पडतो. ते कळतं रंगावरून. सीपीव्हीसीचं सोल्यूशन पिवळं असतं. चिरेच्या तळाशी पिवळी रेघ उमटली की थांबायचं. टॉर्च दातांत धरून दर थोड्या फेऱ्यांनी भुसा फुंकून मी ती रेघ शोधत होतो. तळाकडे रेघ आधी आली आणि ओठाकडे उशिरा, म्हणून पात्याचा कल बदलत गेलो.

अशा चार चिरा पाडल्यावर कड्याच्या चार पट्ट्या झाल्या. अरुंद छिन्नीची धार एका पट्टीच्या कडेला, पाइप आणि सॉकेट यांच्या मध्ये टेकवली आणि पट्टी पोकळीच्या दिशेने वळवली. ठोकायचं नाही, वळवायचं. पहिली पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुसरी, गळतीच्या बाजूची, एका दमात सुटून हातात आली आणि सगळा खुलासा झाला: तिच्या अर्ध्या लांबीला सोल्यूशन लागलंच नव्हतं, आणि कडेला करवतीची कोर तशीच होती. ती कोर पाइप आत जाताना सोल्यूशन खरवडून पुढे घेऊन गेली. पाइप तळापर्यंतही पोहोचला नव्हता. बसवणाऱ्याने कोर काढली असती आणि पाइप ढकलताना पाव वळसा दिला असता तर ही भिंत कोरडी राहिली असती.

पट्ट्या निघाल्यावर गोल कानस आणि काडीला गुंडाळलेला पॉलिशपेपर. इथे घाई केली तर सगळं फुकट. सॉकेट आतून सरळ नळकांडं नसतं, तळाकडे किंचित निमुळतं असतं. कोरडा पाइप घातला तर तो एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. पकड तिथूनच येते. नवा पाइप घालून पाहिला, अर्ध्याच्या पुढे जाऊन घट्ट झाला. सैल पडून तळाला टेकला असता तर तो एल्बो मी वाचवला नसता. जाड सोल्यूशन ओतून पोकळी भरण्यात अर्थ नाही, ते सुकताना आकसतं.

मग नवा तुकडा: कोर काढली, आतबाहेर पुसलं, दोन्हीकडे सोल्यूशनचा पातळ अखंड हात, पाव वळसा देत तळापर्यंत, आणि अर्धा मिनिट दाबून धरलं. खाली दोन स्थिर टोकांच्या मध्ये कपलर बसवायला पाइप वरखाली सरकावा लागतो आणि इथे तो सरकत नाही, म्हणून नट फिरवून सोडता येणारी युनियन घातली.

१५ जानेवारी

थंडीत द्रावक सावकाश उडतं. डब्यावरचा उन्हाळ्याचा वेळ आज लागू नाही, पूर्ण दिवस थांबलो. हिने चुलीवर पाणी तापवलं आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही.

सायंकाळी आधी थंड पाणी सोडलं, एल्बोखाली वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून ठेवला. तासाने कोरडा. मग गीझर.

१७ जानेवारी

कोरडंच आहे. दुपारी तळ्यावर चालत गेलो. नवाबी काळातल्या एका बक्षीने बांधलेलं हे तळं, गावाला त्याचंच नाव. घाटाच्या पायरीवर उन्हात बसून विटांचा विचार करत होतो. लखनौच्या जुन्या इमारती, १७८४चा बडा इमामबाडाही, लखौरी नावाच्या पातळ विटांच्या आणि चुन्याच्या आहेत. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून जुनी भिंत उतरवली की चुना झडतो आणि वीट अख्खी हाती येऊन दुसऱ्या भिंतीत जाते. सिमेंटमधली वीट काढायला गेलं की विटेचाच तुकडा पडतो. जोड हा जोडलेल्या वस्तूपेक्षा थोडा हळवा असावा, हे त्या गवंड्यांना कळलं होतं. सोल्यूशनच्या जोडात ते जमत नाही. तिथे युनियन हवी.

२० जानेवारी

मिस्त्री प्रयागहून आला, गंगाजलाची बाटली आणि प्रसाद घेऊन. कोठीत वाकून एल्बो पाहिला, युनियन हाताने चाचपली. "ये तो मेहनत का काम है, बाबूजी। हम लोग दूसरी तरह से बचाते हैं।"

त्याची रीत मी लिहून ठेवतो, कारण ती माझ्यापेक्षा सोपी आहे. फिटिंग काढायची वेळ आली की तो ओठाशी कधीच कापत नाही. प्रत्येक तोंडाला दीड-दोन इंच पाइप ठेवून कापतो. मग कोरायला लागत नाही. त्या तुकड्यांवर कपलर चढवला की फिटिंग पुन्हा चालू. त्याच्या पोत्यात असे कितीतरी ब्रास एल्बो आणि व्हॉल्व्ह आहेत, सगळ्यांना पाइपच्या शेपट्या. प्लास्टिकचा टी तो ठेवत नाही, कारण त्याची किंमत दोन कपलरांहून फार नसते. पितळ असलेलं सगळं ठेवतो.

जल जीवन मिशनच्या नळजोडण्यांचंही त्याने दाखवलं. तिथल्या पॉलिथिनच्या पाइपला सोल्यूशन धरतच नाही, म्हणून आट्यांचं नट आणि आत चावणारी रिंग असलेल्या कंप्रेशन फिटिंग येतात. नट सैल करा, पाइप निघतो, रबराची रिंग तपासा, पुन्हा आवळा. रस्ता रुंद करताना उखडलेल्या अशा फिटिंग त्याने धुऊन वापरल्या आहेत.

२२ जानेवारी

काय वाचवू नये यावर त्याच्याशी वाद झाला. विमानदलात मी एअरफ्रेम फिटर होतो. तिथे लाखमोलाचा भाग दुरुस्त करून परत चढतो, पण स्प्लिट पिन आणि लॉकिंग वायर एकदा काढली की फेकायचीच, कितीही नवी दिसो. तसंच इथे.

सांडपाण्याच्या लाइनवरचं काहीही पिण्याच्या लाइनला नको. उन्हात पिवळी पडलेली, नखाने वाजवली तर ठणठण करणारी फिटिंग नको. आणि जुनं, शिक्का नसलेलं पीव्हीसी पिण्याच्या पाण्याला अजिबात नको. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची संयुगं घालत. पाइप आणि फिटिंगमधल्या शिशावर केंद्राने नियम केले ते २०२१ साली. त्याआधीच्या निनावी मालात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. असा माल कानसताना उडणारा भुसाही नाकात जाऊ नये. "पर बाबूजी, चल तो रहा है," तो म्हणाला. बागेच्या नळाला चालेल, म्हटलं, स्वयंपाकघराला नाही. बऱ्याच वेळाने त्याने पोतं उपडं केलं आणि आम्ही दोघांनी दोन ढीग केले. करड्या रंगाच्या सगळ्या फिटिंग बागेच्या ढिगात गेल्या.

उद्या तो इटौंजाला एका घराच्या गच्चीवरची टाकी हलवायला जातोय. टाकीखाली चार बॉल व्हॉल्व्ह आहेत, दोन सीपीव्हीसीचे, दोन यूपीव्हीसीचे. माझा कॅलिपर मागून घेऊन गेला. कोठीचं प्लास्टर रविवारी लिंपायचंय. युनियनसमोर वीतभर चौकोन मोकळा ठेवून त्याला लाकडी झाकण करणार आहे.