हलका माल

पिकअपमध्ये दीड टन कांदा भरला की गाडी शहाण्यासारखी चालते. पाटे बसतात, खड्डा आला तरी हौदा नुसता डुलतो. त्याच गाडीत दहा माउंटन बाईक चढवा. एकेक चौदा-पंधरा किलोची, म्हणजे सगळा माल मिळून दोन जाड माणसांच्या वजनाचा. वर काही ठेवलंय हे पाट्यांच्या गावीही नसतं. खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे रंबलर लागले की एकेक पट्टा थेट हौद्यात उठतो. लोक विचारतात, एवढ्या महागाच्या सायकली, भीती नाही वाटत? किमतीची नाही वाटत. माल हलका आहे याची वाटते.

एक सुलटी, एक उलटी लावायची, गिअरची बाजू पत्र्याला टेकू द्यायची नाही, हे धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. अडतं ते फोर्कपाशी. जी वस्तू दबण्यासाठीच बनवलीय ती घट्ट बांधायची कशी? हँडलवरून दोरी ओढली की फोर्क थोडा दबतो आणि आपल्याला वाटतं, बसली. खड्ड्यात तो आणखी दबतो, तेवढ्यात दोरी सैल पडते आणि हुकातून निसटते. जो झटका गाडीच्या पाट्यांनी गिळायचा, तो बिचारा सायकलचा फोर्क गिळत बसतो. म्हणून मी हँडलला दोरी लावणं सोडलं. आता फोर्कच्या खालच्या, न हलणाऱ्या भागाला एक फेरा, मागच्या चाकाला वेगळा. शिवाय गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची पोती. गिऱ्हाईक हसतं, "काका, डोंगरावर वाळू घेऊन कुठे निघालात?" हसू दे. डिझेल माझं जळतंय.

एवढं करूनही घासणं राहतंच. पाचगणी-महाबळेश्वरची तांबडी माती सायकलींना लागून येते, वाळते आणि दोरी-फ्रेमच्या फटीत जाऊन बसते. पसरणी घाट उतरून वाई येईपर्यंत तिने पॉलिश पेपरचं काम केलेलं असतं. रंग गेला तर मालक कुरकुरतो, पण फोर्कच्या चकचकीत नळीवर ओरखडा पडला तर सील तेल सोडायला लागतं. ओरखडा डोळ्यांना दिसतही नाही, नख फिरवलं की जेमतेम अडकतं. म्हणून मी दोन कॅन पाणी बाळगतो आणि चढवण्याआधी बांधायच्या जागा धुतो. दोरीखालचं गोणपाटही दर खेपेला झटकून, उलटं करून लावतो. दमून आलेल्या पोरांना घरी जायची घाई असते. त्यांना वाटतं, म्हातारा उगाच वेळ काढतोय.

हल्ली काही जण गाद्या टाकून सायकली एकावर एक आडव्या रचतात आणि वरून ताडपत्री ओढतात. फोटोत छान दिसतं. खालच्या सायकलीचा डिरेलर कुठे टेकलाय ते ताडपत्री सांगत नाही. त्याचा हँगर वाकलाय हे मालकाला कळतं पुढच्या रविवारी, चढावर, साखळी मागच्या चाकाच्या तारांत घुसली की. तोवर भाडं चुकतं झालेलं असतं.

रॅचेटच्या पट्ट्यांबद्दलही माझं मत बरं नाही. दोरी ओढणारा दमतो, तिथे थांबतो. रॅचेट दमत नाही; कट-कट वाजत राहतं आणि कार्बनची नळी चेपेपर्यंत माणसाला कळत नाही. हे मी पुतण्याला अनेकदा ऐकवलंय. पण गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी आखडलेलं असतं आणि दोरीचा ताण हाताला पूर्वीसारखा कळत नाही. बांधतो आता तोच, पट्ट्यांनी, दोन कट कमी ठेवून. आणि त्याचं सुटत नाही.

तरी सुरूर फाट्यावर चहाला थांबलो की मी फाळका पाडतो, हौद्यात चढतो, एखादा पट्टा सोडून पुन्हा लावतो. गरज नसते. सायकलवाले पाहत असतात म्हणून करतो. एखाद्याने "काकांनी बघितलं ना? मग झालं" म्हटलं की मला पुढचा घाट सोपा जातो. पुतण्या तेव्हा चहाच्या ग्लासात बघत राहतो. बोलत नाही, पोरगा चांगला आहे.

आता त्याने एक जाड फळी आणलीय. पुढचं चाक काढायचं, फोर्कची टोकं फळीवरच्या क्लॅम्पमध्ये ॲक्सल घालून पकडायची. टोकं पक्की धरली की वरची सायकल हवी तेवढी नाचू दे, काही सुटणार नाही. मी लगेच शंका काढल्या. कुणाच्या हबची रुंदी शंभर मिलिमीटर, कुणाची एकशे दहा, क्लॅम्प दोन जातींचे लागणार. चाक काढल्यावर कुणी ब्रेक दाबला तर पॅड मिटणार, मग डिस्क आत जाणार नाही. "मध्ये पुठ्ठा घालू, काका," तो म्हणाला. क्लॅम्पही त्याने दोन्ही जातींचे आणले होते. मग मी म्हटलं, फळी हौद्यात बसत नाही. बसते. मीच मोजलीय. त्या फळीवर दोरी बांधायला जागाच उरत नाही, एवढीच माझी खरी तक्रार आहे.