मिसरूड आणि सातबारा

पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडी फाट्याला वेल्ह्याकडे वळलं की राजगड-तोरण्याच्या आधी भेटतात फ्लेक्स. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट साइज रांगा, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. नावाआधी ‘पै.’ लावलेलं असतं. दंडाकडे पाहिल्यावर लक्षात येतं, या पैलवानाची लाल मातीशी ओळख यात्रेच्या आखाड्याभोवती उभं राहण्यापुरतीच. वय सतरा-अठरा. मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ते थोडं दाट करून दिलेलं. फ्लेक्सवाला समजूतदार म्हणायचा; गिऱ्हाईक नेमकं काय मागायला आलंय, हे त्याला न सांगता कळतं.

या पोरांचा सिनेमा म्हणजे ‘मुळशी पॅटर्न’. प्रवीण तरडे यांनी तो २०१८ च्या नोव्हेंबरात आणला. तरडे मुळशीचेच, त्यामुळे सिनेमातली बोली, शिव्या, बुलेटवर बसायची ढब यातलं काही उसनं नव्हतं. आणि मुळशी आम्हाला परकी कुठे? वरसगाव धरणाचं पाणी मुळशीतही पसरलंय आणि वेल्ह्यातही. तालुक्याला आता सरकारी कागदावर राजगड म्हणायचं, पण सोयरीक जुळवताना माणसं अजून वेल्ह्याचीच असतात. पाणी एक, सोयरीक एक, तर पॅटर्न वेगळा कसा असेल?

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मोहन जोशींनी उभा केलेला बाप जमीन विकतो, पैसा येतो तसा जातो, आणि जिथे तो मालक होता तिथेच त्याच्या अंगावर वॉचमनचा गणवेश चढतो. ओम भुतकरचा राहुल हे बघत मोठा होतो. पुढे मार्केट यार्ड, हमाली, पहिली मारामारी, मग भाई. थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या मारामारीला आणि गाण्याला. मोबाइलच्या स्टेटसवर गेला तो कोयता. बापाचा गणवेश कुणी स्टेटसला ठेवला नाही. माझ्या मते सिनेमा त्या गणवेशात आहे. बाकीचं सगळं त्या गणवेशाकडे बघायला लागू नये म्हणून केलेली धावपळ आहे. तरडेंना हे पक्कं ठाऊक असावं. पण कोयत्याचं प्रदर्शन करायचं आणि वर कोयता वाईट असतो असंही सांगायचं, ही कसरत भल्याभल्यांना जमत नाही. पडदा मोठा असतो आणि उपदेश बारीक.

२०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी याचा हिंदी अवतार काढला, ‘अंतिम’. त्यातला राहुल झाला आयुष शर्मा. भुतकरचा राहुल काटक होता, त्याची सगळी भीती डोळ्यांत होती. हिंदीतल्या राहुलचे दंड बघूनच वाटतं, एवढा खुराक आणि एवढी जिम परवडणाऱ्या घराची जमीन गेली असेल कशाला? पुरुषपण शरीरात भरलं की गोष्टीतून निघून जातं, हे त्या दोन राहुलांकडे लागोपाठ पाहिलं की दिसतं.

आमच्या खोऱ्यांत पोराचा पुरुष व्हायचा तो चिखलात. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाचा जोर झाला की खाचरात चिखलणी. बैलांच्या मागे गुडघाभर गाळात पोरगा पहिल्यांदा औत धरून उभा राहायचा, वरून मुसळधार पाऊस, आणि बांधावरून बापाच्या शिव्या. बैल त्याचं ऐकायला लागले की शिव्या कमी व्हायच्या. शाबासकी म्हणून एवढीच. त्यानंतर इरजिकीला हाक आली की घरातून त्याला पाठवायचे, आणि समोरचे गडी त्याला पोर म्हणून हसत नसत. तिथे त्याचं जेवण मोठ्या माणसाचं वाढलं जायचं. मग भात निघालं की खायची तोंडं आणि कणग्यांतलं भात यांचा मेळ बसेना, म्हणून तोच पोरगा मुंबईला. भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल माथाडी बापांच्या डोक्यावरच्या ओझ्यावर पेटली. १९६९ मध्ये माथाडींचा कायदा झाला, त्याआधी ते ओझं नुसतंच ओझं होतं.

हे सगळं फार सुंदर होतं असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तो चिखल आजच्या पोरानं आनंदानं तुडवावा, असं सांगणारे लेख लिहिणारे स्वतः पुण्यात राहतात, मीही त्यातलाच. पण त्या जगात बाप आणि पोरगा एका खाचरात उभे असत. एकाच्या चुका दुसऱ्याला दिसत. आता खाचरात पॉवर टिलर चालतो आणि बैल उरले ते शर्यतीपुरते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून बैलाचा खुराक बघावा. नांगराला कधी न जुंपलेला तो बैल आणि आखाड्यात कधी न उतरलेला फ्लेक्सवरचा पैलवान, दोघांची जोडी फार शोभते.

जमीन या भागातून पहिल्यांदा जात नाहीये. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. भोरकडे येळवंडीवर भाटघरचं धरण १९२७ मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेलं. वेल्ह्यात पानशेत आलं; ते १९६१ च्या १२ जुलैला फुटलं म्हणून पुण्याला आठवतं, पण त्याच्या पोटात गेलेल्या शेतांची आठवण पुण्याला कशाला असेल! तरीही धरणात गेलेल्या जमिनीबद्दल म्हातारे ताठ मानेनं बोलतात. सरकारनं घेतली, टाटानं घेतली, आम्ही भांडलो, हरलो. नातवाला सांगण्यासारखी गोष्ट आहे ती. विकलेल्या जमिनीची गोष्ट सांगता येत नाही. तिथे शत्रू नाही. सही आपली, साक्षीदार भावकीतला, पैसे मोजून घेतलेले. पैशांची एक गाडी झाली, एक लग्न झालं, घरावर स्लॅब पडली, आणि शेवटी एजंटाचाच फोन लागेनासा झाला. बाप गप्प होतो. त्या गप्प बापाच्या घरात पोराला मिसरूड फुटतं. त्याला रागावायचं असतं, आणि रागावण्यासारखा माणूस समोर एकच असतो, ज्याच्यावर रागावता येत नाही. मग फाट्यावर कुणीतरी ‘काय बघतो रे’ म्हणतं, तेवढं पुरतं.

महाराजांचा फोटो सगळ्या फ्लेक्सवर असतो आणि पोरं स्वतःला मावळे म्हणवतात. म्हणवू देत. तोरणा घेतला असं मानतात तेव्हा शिवाजीराजांचं वय सोळा होतं, म्हणजे ही पोरं वयानं तरी बरोबर आहेत. पण भोरजवळच्या कारीच्या कान्होजी जेध्यांचा फोटो मी एकाही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिलेला नाही. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, आदिलशाहीचं फर्मान आलं की खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी आपले पाच मुलगे घेऊन महाराजांकडे गेले, फर्मान दाखवलं आणि वतनावर पाणी सोडलं. जेधे करीन्यात ही हकिकत आहे. म्हणजे या मातीत बापानं जमिनीवर पाणी सोडल्याचा प्रसंग आहे, पण तो मुलांना समोर उभं करून, कारण सांगून. ते पाच मुलगे पुढे आयुष्यभर बापाकडे मान वर करून बघू शकले असतील. राहुलला तेवढं मिळालं असतं तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता.

सिनेमात आणखी एक माणूस नाही, ते म्हणजे बाई. आई आहे, प्रेमिका आहे, पण जमिनीच्या कागदावर बाई नाही. प्रत्यक्षात ती असते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये. त्यामुळे खरेदीखताच्या आधी आत्याला, बहिणीला माहेरी बोलावणं जातं. गाडी पाठवतात, साडी घेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. खाचरात वाकून लावणी बायकांनीच केलेली असते, चिखलणीचा मान तेवढा गड्यांचा. आणि आत्याला आणायला जायचं काम हमखास त्याच पोराकडे येतं, कारण बाप मेहुण्याच्या दारात उभा राहायला लाजतो. गॉगल लावून तो गाडी चालवतो, आत्या शेजारी बसते, वाटेत त्याला चहा पाजते, दहावीच्या मार्कांचं विचारते. पुरुषांच्या जगातली त्याची पहिली खरी कामगिरी ही.

मला असाच एक पोरगा नोंदणी कार्यालयाबाहेर भेटला होता. आत्या आत होती. मी त्याला ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलास का विचारलं, तर त्यानं चार संवाद अंगविक्षेपांसकट म्हणून दाखवले, झकास दाखवले. तेवढ्यात आत्या बाहेर आली, अंगठ्याची शाई पदराला पुसत.

“आत्या, किती मिळणार गं एकूण?” त्यानं विचारलं.

“तुझ्या बापाला विचार,” ती म्हणाली. “आणि मिळाले की मला पण सांग.”

पुढचा सिनेमा कुणी काढलाच, तर त्याची सुरुवात या आत्यापासून व्हावी. बापाची भूमिका मोहन जोशींनाच द्या.