भंडारदऱ्याची भाकरी

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दवाखान्यातील गर्दीला दरवर्षी ठरावीक वळण लागते. कोणाचे पोट बिघडलेले असते, कोणाचा घसा बसलेला असतो, कोणाच्या मुलाने प्रवासाचे तीन दिवस वेफर्स आणि शीतपेयांवर काढलेले असतात. या सर्वांना घेऊन येते ती आई. तिला स्वतःविषयी विचारले, तर ती हसून म्हणते, ''मला काय होणार? थोडा थकवा आहे, एवढेच.'' सुट्टी घरातील सर्वांची असते; आईच्या वाट्याला मात्र पिशव्या भरणे, डबे करणे आणि परतल्यावर कपड्यांचा ढीग उपसणे येते.

म्हणूनच वाचकहो, आज एका अशा प्रदेशाविषयी आपल्याशी बोलावेसे वाटते, जिथे सुट्टी, आईपण आणि आहार हे तिन्ही विषय एकाच ताटात समोर येतात. तो प्रदेश म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका. मुंबई-नाशिक महामार्गावर घोटीला वळले की थोड्याच वेळात कळसूबाईचे शिखर दिसू लागते. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. त्याच्या पायथ्याशी बारी गाव, पुढे शेंडी आणि शेंडीला लागून १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण. जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्यामागे रतनगड. बहुतेक पर्यटक धबधबे पाहायला पावसाळ्यात किंवा काजवे पाहायला त्याच्या तोंडावर येतात. मला स्वतःला दिवाळीनंतरचे दिवस अधिक आवडतात. गर्दी ओसरलेली असते, हवेत गारवा असतो, भाताची कापणी चाललेली असते आणि खाचरांतून ताज्या पेंढ्याचा वास येत असतो.

माझी कन्या वसतिगृहात राहून शिकते. गेल्या सुट्टीत आम्ही दोघी तिकडे एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. जेवणात नाचणीची भाकरी, घेवड्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि हातसडीच्या तांदळाचा भात. नाचणीला तिकडे नागली म्हणतात. कन्येने तीन भाकऱ्या खाल्ल्या. ओसरीवर यजमानीणबाईंचा सहा-सात वर्षांचा नातू मात्र चहात बिस्किटे बुडवून खात होता. मी विचारले, ''मावशी, याला भाकरी नाही का?'' त्या म्हणाल्या, ''ताई, तो काळी भाकर खातच नाही. बिस्किटाचा पुडा लागतो त्याला. पाहुणे आले की नागली काढते, नाहीतर पोरांसाठी कोण भाजतंय?''

वाचकहो, हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेचा हा एक तृतीयांशाहून अधिक भाग झाला. तेवढ्याच पांढऱ्या तांदळातून त्याचा जेमतेम अंश मिळतो. वाढीच्या वयातील हाडांना ज्याची निकड आहे, ते धान्य पाहुण्यांच्या पानात आणि साखर-मैद्याचा पुडा त्या घरच्या मुलाच्या हातात, अशी ही अदलाबदल आहे. शहरात आपण नाचणी 'पौष्टिक' म्हणून चढ्या भावाने विकत घेतो; डोंगरात ती गरिबीची खूण म्हणून मागे पडते.

यात आपला, म्हणजे पर्यटकांचाही हात आहे. गाडी थांबली की मुले धावत येतात आणि आपण कौतुकाने त्यांच्या ओंजळीत चॉकलेटे ठेवतो. या डोंगरातले पाणी प्रवरेवाटे धरणात साठते, कालव्यांनी खाली जाते आणि तेथील उसाला मिळते. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा लोणीचा कारखाना १९५० साली याच प्रवरेच्या खोऱ्यात सुरू झाला. त्या उसाने अनेक घरांना सुबत्ता दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या डोंगराने पाणी दिले, त्याच्या मुलांकडे आपण परतफेड म्हणून साखरच घेऊन जावे, हे एक डॉक्टर म्हणून मला रुचत नाही.

त्याच घरात सून गरोदर होती. सातवा महिना चालू होता. सर्वांना वाढून झाल्यावर ती शेवटी जेवायला बसली आणि जेवणावर लगेच कपभर चहा प्यायली. तिच्या डोळ्यांच्या आतल्या कडा फिकट होत्या. लोहाच्या गोळ्या घरात होत्या; मळमळते म्हणून बंद केलेल्या. मी तिला एवढेच सांगितले की गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घे, चहा जेवणापासून तासभर दूर ठेव, भाजीवर लिंबू पिळ आणि सासूबाईंच्या बरोबरीने जेवायला बस. रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रातच करून घ्यायला हवी, हेही बजावले. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात २०१५ पासून आहे. ती तिथे जेवायला जात होती, ही समाधानाची बाब. सासूबाईही तिच्या बाजूने बोलल्या.

हे डोंगरातलेच दुखणे आहे, असे मात्र समजू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्या इमारतीत, आपल्या कार्यालयात, कदाचित आपल्याच स्वयंपाकघरात शेवटी जेवणारी एखादी स्त्री या आकड्यात आहे. 'थोडा थकवा' या दोन शब्दांमागे पुष्कळदा हाच आजार दडलेला असतो.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीने भात, वाल, घेवडा आणि पालेभाज्यांची देशी वाणे जपली, इतर बायकांना बियाणे दिले आणि त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नातवंडाच्या आजारपणातून आपण या कामाकडे वळलो, असे त्या सांगत आल्या आहेत. संकरित बियाण्यामुळेच आजार होतात, असे मी म्हणणार नाही. वैद्यकशास्त्रात एवढी सोपी उत्तरे क्वचितच असतात. परंतु परसात जितके प्रकार अधिक, तितके ताटात अधिक आणि ताटात जितके वैविध्य, तितकी उणीव कमी, हे आहारशास्त्राला मान्य आहे. उद्या मुलांच्या पानात काय असावे याची चिंता आज बियाण्यापासून वाहणे, यात मला आईपणच दिसते.

तेव्हा येत्या सुट्टीत अशा एखाद्या डोंगराळ गावी जाणार असाल, तर काही गोष्टी अवश्य करा. पिण्यासाठी उकळलेले पाणी स्वतःच्या बाटल्यांत न्या आणि जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटे बरोबर ठेवा. घरगुती जेवण सांगताना तिथे पिकणारेच मागा; पनीरचा आग्रह नको. जेवणाची वेळ आधी कळवा आणि ती पाळा, कारण तुम्ही रात्री दहाला जेवलात तर त्या घरची बाई अकराला जेवते. पैशांची घासाघीस करू नका. नागली, तांदूळ, वाल थेट तिच्याकडून विकत घ्या. रानभाज्या जाणकाराने निवडून शिजवलेल्याच खा. काही भाज्या उकळून पाणी टाकल्याविना खाण्याजोग्या नसतात. मुलांना चॉकलेटे वाटू नका. शक्य तर त्यांच्याबरोबर ओसरीवर बसून तीच भाकरी आवडीने खा. शहरातून आलेला दादा किंवा ताई नागली मागून घेते, हे पाहणे लहान मुलाच्या मनावर खोल उमटते. आणलेले प्लास्टिक परत आणा.

शेवटची विनंती घरातील पुरुषांना आणि मोठ्या मुलांना आहे. सहलीला निघण्यापूर्वी पिशवी कोण भरणार, आणि परतल्यावर ती कोण उपसणार, हे आधीच वाटून घ्या. सुट्टीतली निदान दोन जेवणे अशी असू द्या की आई सर्वांबरोबर बसली आहे आणि वाढायला दुसरे कोणी उठते आहे. परतल्यावर तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. तपासणी स्वस्त आहे आणि कोणत्याही प्रयोगशाळेत होते. ते बाराच्या खाली आले, तर थकवा वयाचा आहे असे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या डॉक्टरांकडे जा.