नवव्या दिवसाचा ताप

15 डिसेंबर 2022, गुरुवार

गोवर-रुबेलाची विशेष मोहीम आजपासून सुरू झाली. पहिला टप्पा 25 डिसेंबरपर्यंत, दुसरा 15 ते 25 जानेवारी. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या मुलांचा डोस राहिला असेल, ती शोधून काढायची. गोवंडी, मालेगाव, भिवंडी इथल्या साथीच्या बातम्या रोज येत आहेत.

माझ्या उपकेंद्राच्या गावातली यादी जवळजवळ पूर्ण आहे. यादीत नसलेली लेकरं ओढ्याकाठच्या कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत आहेत. दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोड टोळी तिथे उतरली आहे. गोवर झालेलं एक मूल लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना तो देऊ शकतं, म्हणून 100 पैकी 95 मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. गाव पूर्ण आणि कोप्या कोऱ्या, हा हिशेब गोवरापुढे टिकणार नाही.

दुपारी आशाताईंबरोबर तिकडे गेले. एक म्हातारी आणि तिच्या भोवती लहानगी, एवढंच. "समदी फडात गेलीत, रातच्याला येतील." आमचं सत्र अंगणवाडीत भरतं ते दिवसा. नेमकी त्याच वेळी ही माणसं उसात असतात. अशांच्या नावापुढे 'लसीला नकार' असं लिहिणं मला मान्य नाही.

17 डिसेंबर, शनिवार

रात्री पुन्हा गेले. लस नेली नव्हती. आज फक्त ऐकायचं ठरवलं होतं. चुलीपुढे बसून एक आई म्हणाली, "ताई, लेकराला ताप आला की मला फडात जाता येत नाही. एकट्या माणसानं ऊस तोडायचा कसा आन् मोळ्या बांधायच्या कशा? खाडा पडला की पैसे कापतात." नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी घेतलेली उचल दोघांच्या कष्टातून फिटते. मागच्या हंगामात दुसऱ्या गावी कुणीतरी मुलाला टोचून गेलं, ताप येईल हे सांगितलंच नाही, नंतर कुणी फिरकलंही नाही. तिला भीती सुईची नाही. त्या तापात एकटं पडण्याची आहे.

म्हातारीचं म्हणणं, गोवर अंगावर निघून गेलेला बरा. मी सांगितलं, आजी, पुरळ जातं, पण मागे न्यूमोनिया येतो, जुलाब लागतात, कधी डोळे जातात. आणि पुढे कित्येक महिने मूल साध्या आजारालाही लवकर बळी पडतं. तिनं मान हलवली नाही, पण उठूनही गेली नाही.

मग सगळ्यांना नीट सांगितलं: या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही. सात ते बारा दिवसांनी येतो, तोही काहीच मुलांना. एखाद्याच्या अंगावर बारीक पुरळ उठतं आणि दोन-तीन दिवसांत निवळतं. औषध देऊन ठेवीन आणि त्या आठवड्यात मी स्वतः येईन.

मुकादमाशीही बोलले. तापाच्या दिवशी आईचा खाडा धरू नका, असं म्हटल्यावर तो "बघू" म्हणाला. मी विचारलं, टोळीत गोवर शिरला तर किती कोयते घरी बसतील? तो थोडा वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, "नाही धरत."

19 डिसेंबर, सोमवार

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहाटेच्या सत्राला परवानगी दिली. टोळी फडाकडे निघण्याआधीच लस घेऊन पोहोचलो. लस उष्णतेनं खराब झाली नाही ना हे दाखवणारा कुपीवरचा रंगाचा चौकोन टॉर्चच्या उजेडात तपासला, लस कालवल्याची वेळ कुपीवर लिहिली. कालवलेली लस चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. एकाच मुलासाठी कुपी फोडावी लागली तरी फोडायची. वाया जाणाऱ्या थेंबांपेक्षा मूल मोलाचं.

बहुतेकांची कार्डं गावाकडच्या पेटीत राहिलेली. आधी डोस झाला की नाही हे सांगता येत नसेल तर द्यावा. एखादा जास्तीचा झाला तरी अपाय नाही. नवीन कार्डं केली, त्यावर माझा फोन नंबर लिहिला. टोचल्यानंतर अर्धा तास मुलांवर लक्ष ठेवावं लागतं. आयांना निघायची घाई होती, म्हणून आशाताई मुलांपाशी थांबल्या.

28 डिसेंबर, बुधवार

आज नववा दिवस. दोन-तीन मुलांना ताप आहे, एकाच्या पाठीवर पुरळ. परवाही येऊन गेले होते. त्या रात्रीची आई म्हणाली, "तुम्ही सांगितल्यावानी आला बघा." तिच्या आवाजात घाबरेपण नव्हतं. मुकादमानं तिचा खाडा धरला नाही.

शेजारच्या अड्ड्यावरच्या दोघी चौकशीला आल्या होत्या. त्यांना सगळं तिनंच समजावलं: कोणत्या दंडाला टोचतात, ताप कधी येतो, कार्ड कुठे जपायचं. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटत होतं.

10 जानेवारी 2023, मंगळवार

1897 साली याच दिवशी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली गोरे सोजीर प्लेगचे रोगी शोधायला घराघरांत घुसले. लोकांनी रोगी लपवले, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. आणि त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत राहिल्या, आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं आणि 10 मार्चला त्याच रोगानं गेल्या. साथ एकच होती. धाक दाखवणाऱ्यांपासून लोक पळाले. सोबत करणाऱ्यांच्या हाती त्यांनी मुलं दिली. सार्वजनिक आरोग्याचा हा धडा महाराष्ट्राला तेव्हाच मिळाला आहे.

17 जानेवारी, मंगळवार

दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं, ते काल पूर्ण झालं. पहाटे दुसरा डोस दिला. या वेळी कोपी-कोपीत जाऊन बोलवावं लागलं नाही. म्हातारीच नातवाला कडेवर घेऊन पुढे उभी होती.

25 जानेवारी, बुधवार

मोहीम आज संपली. टोळीतले काही कोयते दुसऱ्या कारखान्याकडे गेले; कार्डं त्यांच्याबरोबर गेली.

माझं मत पक्कं झालं आहे. लोक लसीवर विश्वास ठेवत नाहीत असं म्हणण्याआधी आपण त्यांच्या वेळेला गेलो का आणि तापाच्या दिवशी परतलो का, हे विचारावं. सत्राची वेळ मजुरीच्या वेळेनुसार ठरावी आणि नवव्या दिवसाची फेरी मोहिमेच्या आराखड्यातच असावी.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावाच्या कडेला कोप्या असतील, वीटभट्टी किंवा बांधकामावरच्या झोपड्या असतील, तर आशाताईंना किंवा उपकेंद्राला कळवा की इथे पाच वर्षांखालची मुलं आहेत. सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते, कार्ड नसलं तरी मिळते, आणि मूल कोणत्याही जिल्ह्यातलं असलं तरी मिळते.